दारात ठेवलेला डास

तुम्ही विचारलंत की आजी शनिवारी सकाळी फोन का उचलत नाही. शनिवारी सकाळी मी शाळेत असते आणि माझ्या दोन्ही हातांना खळ लागलेली असते. खळ म्हणजे मैदा पाण्यात शिजवून केलेला चिकट लगदा. एवढ्यावर हे उत्तर संपलं असतं, पण मधल्या काळात एका डासाचं प्रकरण झालं, ते नीट क्रमानं सांगते. तुम्ही मराठी सावकाश वाचता, म्हणून वाक्यं लहान ठेवते.

आपल्या प्रताप नगरच्या घरापासून चार मिनिटांवर मराठी शाळा आहे. तिथल्या मुख्याध्यापिका मला भाजीवाल्याच्या गाडीपाशी भेटल्या.

"शनिवारी मुलं दप्तर आणत नाहीत," त्या म्हणाल्या. "त्यांचं काय करायचं ते आम्हाला कळत नाही. तुम्ही या."

"काय शिकवू?"

"काहीही शिकवा. फक्त भिंतीवर लावता आलं पाहिजे."

मी आयुष्यभर इंग्रजी माध्यमाच्या मुलांना जीवशास्त्र शिकवलं होतं. मी कीटक निवडले. पावसाळ्यात ते फुकट मिळतात आणि त्यांना पालकांची लेखी परवानगी लागत नाही.

मला पाचवीचा वर्ग मिळाला. पहिल्या शनिवारी मी फळ्यावर लिहिलं: पाय सहा, शरीराचे भाग तीन, डोक्यावर मिशा दोन. या नियमात न बसणारा प्राणी कितीही गोड असला तरी परत केला जाईल, असंही सांगितलं. एका मुलानं काड्यापेट्यांचा अतिशय सुरेख कोळी करून आणला. मी तो परत केला. पुढच्या शनिवारी त्यानं त्याचे दोन पाय उपटून तोच कोळी पुन्हा आणला. त्याच्या चिकाटीबद्दल मला आदर वाटला, पण कोळी पुन्हा परत केला. मग त्यानं झुरळ केलं. हा मुलगा पुढे पुन्हा येणार आहे, लक्षात ठेवा.

आम्ही आधी खरे कीटक बघायचो आणि मग ते मोठे करून बनवायचो. प्रत्येकाच्या वाट्याला एक कीटक, वहीत त्याची नोंद, आणि पोळ्यानंतरच्या सोमवारी सगळ्यांचं प्रदर्शन. पालक येणार, प्रत्येक मूल आपल्या कीटकाशेजारी उभं राहून पाच वाक्यं बोलणार. रद्दी, खराट्याच्या काड्या, चिंचोके, दोडक्याची वाळलेली जाळी, कूलरमधून काढलेलं जुनं गवत, असं सगळं सामान घरोघरहून आलं. आपल्या घरून दोन एक्स-रे गेले. दोन्ही तुमच्या आजोबांच्या गुडघ्यांचे होते.

"माझे गुडघे तू शाळेत दिलेस?" आजोबांनी विचारलं.

"अहो, पंखांना पारदर्शक काहीतरी हवं होतं."

"आणि दोनच दिलेस?"

"डासाला दोनच पंख असतात."

आजोबा म्हणाले की मग ठीक आहे, चार पंखांचा चतुर करायचा असता तर शेजाऱ्यांकडे मागावे लागले असते.

तो डास ज्या मुलीचा होता तिच्याबद्दल आता सांगते, कारण हे सगळं तिच्यामुळेच लिहिते आहे. ती नरखेड तालुक्यातल्या एका गावची. वडिलांची संत्र्या-मोसंबीची बाग आहे. गावातली शाळा चौथीपर्यंतच, म्हणून जूनमध्ये ती इथं मावशीकडे शिकायला आली. पहिल्याच दिवशी तिनं वर्गात विचारलं, "मले बसाले जागा कुठं हाय?" आणि वर्ग हसला. गंमत अशी की त्या वर्गातली निम्मी मुलं घरी "मले"च म्हणतात. शाळेच्या फाटकातून आत आली की ती "मला" म्हणू लागतात आणि जो विसरतो त्याला हसतात. तो कोळ्याचे पाय उपटणारा मुलगा सगळ्यांत मोठ्यानं हसला. त्यानंतर ती मुलगी वर्गात बोलेनाशी झाली. हजेरीला हात वर करायची. जुलैच्या प्रगतिपुस्तकात वर्गशिक्षिकेनं शेरा लिहिला: "वर्गात बोलत नाही."

माझ्याशी ती बोलली ती कूलरमुळे. मी मुलांना साचलेलं पाणी शोधायला पाठवलं होतं. बाकीचे फाटकाबाहेरच्या डबक्याकडे धावले. ती काचेची बाटली घेऊन माझ्याजवळ आली. पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या.

"कुठं मिळाल्या?"

तिनं बोट दाखवलं. मुख्याध्यापिकांच्या खोलीच्या खिडकीत उन्हाळ्यापासून बंद पडलेला कूलर होता. खाली पाणी तसंच होतं.

"मॅडमच्या कूलरमंदी लई हायेत," ती हळूच म्हणाली. "सांगू नका."

मी सांगितलं. मुख्याध्यापिकांनी तो कूलर त्याच दिवशी रिकामा करवला आणि पुढचे दोन आठवडे माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलल्या. पण त्या बाटलीला आम्ही मच्छरदाणीचा तुकडा बांधला आणि ती मुलगी माझं भिंग घेऊन रोज मधल्या सुट्टीत तिच्यासमोर बसू लागली. अळीची कोषावस्था झाली, कोषातून डास निघाला. पायांवर पांढरे पट्टे होते. मिशा झुपकेदार असल्या तर नर आणि साध्या असल्या तर मादी, हे मी एकदाच सांगितलं. त्यानंतर ती मला सांगू लागली.

तिनं डास करायचं ठरवलं. हात पसरावा एवढा लांब. रद्दी आणि खळीचं अंग, काड्यांचे सहा पाय, पायांवर चुन्याचे पट्टे, आजोबांचे दोन गुडघे पंखांना. सोंडेसाठी मी माझी विणकामाची नऊ नंबरची सुई दिली, परतीच्या बोलीवर.

एका संध्याकाळी तिची मावशी आपल्या घरी आली आणि तिनं फोन माझ्या हातात दिला. पलीकडे मुलीचे वडील होते.

"मॅडम, पोट्टी घरी असली का दिवसभर भांडते," ते म्हणाले. "मायशी भांडते, भावाशी भांडते, बकरी ऐकत नाही तर बकरीशी भांडते. अन् तिथं, मावशी म्हणते, तोंडच उघडत नाही. तिची माय रडून राहिली. म्हणते, आणा तिले वापस."

मी म्हटलं की अभ्यासात हुशार आहे, हात चांगला आहे.

"हुशार असन. पण भांडत नाही म्हणजे तिचं मन लागलं नाही. आमच्या घरचं असंच हाय मॅडम, जिथं लागते तिथं भांडते. पोळ्याले बैल सोडून येता येत नाही. दुसऱ्या दिवशी येतो. सोमवारचं तिचं जे काय हाय ते पायतो अन् ठरवतो. नसन जमत तर दिवाळीले घेऊन जातो."

मी मुलीला विचारलं, तुला काय हवंय? तिनं बराच वेळ सुईच्या टोकाला चुना लावला.

"घरी गेली तर काकाच्या पोरींसंगं यष्टीनं तालुक्याच्या शाळेत जा लागते," ती म्हणाली. "तिथं भिंग नाही."

म्हणजे तिला राहायचं होतं. आणि राहण्यासाठी तिला सोमवारी सगळ्या वर्गासमोर, सगळ्या पालकांसमोर, वडिलांसमोर पाच वाक्यं बोलायची होती. आम्ही माझ्या स्वयंपाकघरात तयारी केली. तिथं ती घडाघडा बोलायची. आजोबा दारात येऊन उभे राहिले की गप्प व्हायची.

आता माझी चूक.

प्रदर्शनात प्रत्येक कीटकाला चिठ्ठी हवी, हा माझा आग्रह. चिठ्ठ्या मी स्वतः लिहिल्या, कारण मुलांची अक्षरं लांबून वाचता येत नाहीत. माणसाला उपयोग असेल तर हिरवी शाई, त्रास असेल तर लाल. मधमाशीला हिरवी, लाल मुंगळ्याला हिरवी (त्यावर वर्गात मतभेद झाले), फुलपाखराला हिरवी. लाल फक्त दोघांना. झुरळाच्या पुठ्ठ्यावर "अन्न दूषित करते" आणि डासाच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत: "डास. मादी. डेंग्यू पसरवते." पुठ्ठा मी डासाच्या गळ्यात दोरीनं बांधला.

पोळ्याच्या आठवड्यात पाऊस थांबला नाही. शाळेच्या खोलीत ओल आली, कीटकांना बुरशी धरू लागली, म्हणून ते सगळे आपल्या घरी आणले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, शाळेला सुट्टी होती आणि सकाळी ऊन पडलं. आपल्या घरी सकाळचं ऊन फक्त फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर येतं. मी सगळे कीटक तिथं ओळीनं मांडले, उंचीप्रमाणे, चिठ्ठ्या रस्त्याच्या बाजूला. आजोबांना व्हरांड्यात लक्ष ठेवायला बसवलं आणि मी अंघोळीला गेले.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात दोन गोष्टी असतात. संध्याकाळी तान्हा पोळा, म्हणजे लहान मुलं चाकांचे लाकडी बैल सजवून घरोघर नेतात. तो तुम्हाला माहीत आहे, तुमच्या बाबांचा बैल अजून माळ्यावर आहे. आणि सकाळी मारबत. मारबत आणि बडगे हे मोठाले पुतळे. ज्या ज्या गोष्टीनं वर्षभर छळलं तिचा पुतळा करायचा, गळ्यात पाटी अडकवायची, मिरवायचा, "घेऊन जा गे मारबत!" म्हणून ओरडायचं आणि वस्तीबाहेर नेऊन जाळायचा. मोठी मिरवणूक जुन्या शहरात असते, पण गल्लोगल्ली मुलं आपापला लहान बडग्या काढतात. खेड्यात तर त्या सकाळी दाराशी ठेवलेल्या पळसाच्या फांद्या घरातली पीडा म्हणून गावाबाहेर नेऊन टाकतात.

मी या शहरात पन्नास वर्षं राहते आहे. मारबत मी पन्नास वर्षं वर्तमानपत्रात पाहिली. त्या दिवशी सकाळी गर्दी असते म्हणून मी दार लावून घेते आणि कपाटं आवरते.

अंघोळ करून बाहेर आले तर कट्ट्यावर दोन जागा रिकाम्या होत्या.

"अहो, डास कुठाय?"

"पोरं घेऊन गेली," आजोबा म्हणाले. "विचारून नेला. आजोबा, नेऊ का? मी म्हटलं, न्या."

"कोण पोरं?"

"मला वाटलं, शाळेची."

"हातगाडी घेऊन? ढोल घेऊन?"

"हल्ली शाळेत काय काय असतं," आजोबा म्हणाले. "आणि त्यांनी सगळे नाही नेले. एकेक चिठ्ठी वाचली, हिरव्या ठेवल्या, लाल दोनच नेल्या. फार शिस्तीत वागली."

माझ्या चिठ्ठ्या इतक्या काळजीपूर्वक वर्गातही कोणी वाचल्या नव्हत्या.

मी चपला शोधत असतानाच फाटक वाजलं. मुलगी होती. एका हातात लाकडी बैलाची दोरी, दुसऱ्या हातात वडिलांचं बोट. वडील सकाळच्या बसनं आले होते. खांद्यावर मोसंबीची पिशवी. ती त्यांना थेट कट्ट्यापाशी घेऊन आली.

"बाबा, पाय, हे भिंतीजवळ…" ती म्हणाली आणि थांबली. (तिच्या बोलीत "पाय" म्हणजे पाहा.)

मी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, कारण लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मला वाटलं ती रडेल.

"बाहेर ठेवला?" ती म्हणाली. "आज? काहून ठेवला वं आजी? आज मारबत हाय न! आज कोणी दारात खराटाबी ठेवत नाही! अन् वरून पाटी लावून ठेवला!"

माझ्याशी गेल्या कित्येक वर्षांत कोणी या आवाजात बोललं नव्हतं. तिचे वडील मोसंबीच्या पिशवीकडे बघत होते.

"कोण्या बाजूनं गेले?" तिनं आजोबांना विचारलं. आजोबांनी नाल्याकडे हात केला. तिनं बैलाची दोरी माझ्या हातात दिली आणि ती पळाली. तिच्यामागे वडील, त्यांच्यामागे मी. अशा रीतीनं मी आयुष्यात पहिल्यांदा मारबतीला गेले, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात चाकांचा बैल घेऊन.

नाल्याशेजारच्या मोकळ्या जागेत पन्नासेक माणसं जमली होती. हातगाडीवर एक फाटक्या साडीची मारबत, तिच्या एका बाजूला झुरळ, दुसऱ्या बाजूला आपला डास. माझ्या अक्षरातली पाटी लांबूनही स्वच्छ वाचता येत होती. कॉलेजच्या वयाचा एक मुलगा माईकवर ओरडत होता, "मच्छरकाकाले…" आणि बाकीचे म्हणत होते, "घेऊन जा गे मारबत!" गाडीचा दांडा धरून आमचा कोळी उपटणारा उभा होता. आपलं झुरळ मिरवणुकीत आल्यानं तो फार खूश दिसत होता.

मुलगी सरळ त्याच्यासमोर गेली.

"हे माझं हाय."

"दारात ठेवलं होतं," तो म्हणाला. "दारातलं मारबतीचं असते."

"मले विचारलं का?"

"मले, मले!" त्यानं वेडावलं.

"हो, मले! तुही माय तुले घरी काय म्हणते, तुला म्हणते काय? काल किराण्याच्या दुकानात हाक मारून राहिली होती तुले, मी आयकलं न!"

दोन-चार जण हसले. या वेळी ते तिला हसले नव्हते. मुलाचे कान लाल झाले. माईकवाला मध्ये पडला.

"ए पोट्टे, बाजूला हो. मच्छरकाकाले जाळायची वेळ झाली."

"काका नाही, काकू हाय!" ती ओरडली. "पाटी वाचता येत नाही का? मिशा पाय न दादा. नराच्या मिशा झुपकेदार असतात. नर चावतच नाही, तो फुलाचा रस पिते. मादी चावते. तिले अंड्यासाठी रक्त लागते."

माईकवाल्यानं माईक खाली केला होता, पण बंद केला नव्हता. तिचा आवाज नाल्यापलीकडेही जात असावा.

"अन् घाणीतले नाही हे मच्छर. पायाले पांढरे पट्टे हायेत ते पाय. हे साफ पाण्यात होतात. तुमच्या कूलरमंदी होतात. आज काकूले जाळसान, अन् उद्या कूलर कोण रिकामा करन? मारबत करन काय?"

ढोल थांबला होता. मागून एका बाईचा आवाज आला, "हे बराबर बोलली. आमच्या घरच्यायले दहा दिवस झाले सांगून राहिली."

मी बोटांवर मोजत होते. पाच वाक्यं केव्हाच होऊन गेली होती.

"मग न्यायचा का तुले वापस?" माईकवाल्यानं विचारलं. त्याचा सूर बदलला होता.

तिनं डासाकडे पाहिलं. मिरवणुकीत त्याचे दोन पाय मोडले होते आणि पोटाला भोक पडलं होतं. माझ्याकडेही पाहिलं. मी काय सांगणार? चार पायांचा कीटक मी स्वतःच परत केला असता.

"जाळा," ती म्हणाली. "मादीच हाय, जाळा. पण पंख देऊन द्या. ते आजोबाचे गुडघे हायेत. अन् सुई आजीची हाय."

मी तेवढ्यात हेही सांगितलं की एक्स-रे जाळला तर धूर वाईट असतो. माझ्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. तिनं स्वतः गाडीवर चढून पंख सोडवले, सुई उपटली. कोळी उपटणाऱ्यानं दोन्ही हातांनी गाडी धरून ठेवली, हलू नये म्हणून. मग मारबत, झुरळ आणि डास जाळले. खळ अजून ओली होती, त्यामुळे डास पेटायला सगळ्यांत जास्त वेळ लागला.

तिचे वडील माझ्याशेजारी उभे होते.

"मॅडम," ते म्हणाले, "हे कधीपासून भांडून राहिली अशी?"

"आज सकाळपासून," मी म्हटलं. "पहिल्यांदा माझ्याशीच भांडली."

त्यांनी खिशातून फोन काढला, थोडे बाजूला गेले. धुरामुळे त्यांना खोकला येत होता आणि ढोल पुन्हा सुरू झाला होता, त्यामुळे त्यांना ओरडून बोलावं लागलं, म्हणून मला ऐकू आलं.

"अवं, रडू नको. रमली ते… हो, इथं… मास्तरणीलेच बोलली… साऱ्या गावापुढं… नाही वं, कोणी नाही मारलं तिले. राहू दे आता तिले इथंच."

संध्याकाळी तिनं गल्लीत बैल फिरवला आणि आपल्या घरीही आली. वडील रात्रीच्या आत गावी पोहोचायचं म्हणून पाचच्या बसनं निघाले. मी त्यांना म्हटलं, सोमवारच्या प्रदर्शनाला थांबा.

"सोमवारी काय पायाचं मॅडम?" ते म्हणाले. "पाहून झालं."

ते बरंच झालं. सोमवारी तिच्या जागेवर टेबलावर फक्त दोन पंख आणि एक विणकामाची सुई होती. मी नवी चिठ्ठी केली नव्हती. तिनं पाच वाक्यं सांगितली, पण तिचं लक्ष नव्हतं. शेजारी रिकाम्या जागेमागे उभा राहून कोळी उपटणारा झुरळाबद्दल बोलत होता. झुरळाला पंख नसतात असं तो म्हणाला, आणि तिनं आपली वाक्यं अर्ध्यावर सोडून त्याला सांगितलं की असतात. मुख्याध्यापिकांनी दोघांनाही गप्प केलं. हे भिंतीवर लावता येण्यासारखं नव्हतं.

पंख तिनं आजोबांना परत आणून दिले. डाव्या गुडघ्यावर तिनं हिरव्या शाईनं काढलेल्या शिरा आहेत, त्या पुसल्या जात नाहीत. परवा हाडांच्या डॉक्टरांनी जुने एक्स-रे मागितले तेव्हा आजोबांनी तेच दिले. डॉक्टरांनी ते उजेडात धरून पाहिले आणि नवे काढायला लिहून दिलं.

दिवाळीच्या सुट्टीआधी पुन्हा प्रगतिपुस्तकं मिळाली. वर्गशिक्षिकेनं तिच्या पुस्तकात लाल शाईनं लिहिलं आहे: "वर्गात फार बोलते. पालकांनी लक्ष द्यावे." मावशीनं ते सहीसाठी गावी पाठवलं. वडिलांनी खाली सही करून परत पाठवलं आणि सोबत माझ्यासाठी मोसंबीची एक पिशवी. सुट्टी संपली की शनिवारी शाळा आहे. तुम्ही फोन बारानंतर करा.